आधी गळती शोधा, मग इंजिन खोला

सकाळची वेळ. अंगणात तीस-पस्तीस वर्षांची बुलेट उभी आहे. घरातला मुलगा किक मारतो आहे आणि ओट्यावर बसलेले अण्णा नुसत्या आवाजावरून काय बिघडले असेल याचा अंदाज बांधत आहेत. एरवी पायाला जोर करायला लावणारी किक आज कोरड्या पडलेल्या हापशाचा दांडा जावा तशी सुळकन खाली जाते आहे. पंधरा-वीस किका होतात, मुलगा घामाघूम होतो, पण इंजिन काही बोलत नाही. शेवटी गल्लीच्या टोकाचा मेकॅनिक येतो, हातानेच किक दोनदा दाबून पाहतो आणि निकाल देतो, "कॉम्प्रेशन गेलंय साहेब. बोअर करून नवा पिस्टन टाकावा लागेल."

"अरे, चार वर्षांपूर्वीच तर बोअर केला होता!" अण्णा चमकून म्हणतात.

स्वयंपाकघरातून आवाज येतो, "कुकरची शिट्टी होईना म्हणून कुणी कुकर मोडीत काढतं का? आधी रिंग बघतात, मग शिट्टी बघतात."

हे दृश्य मिरजेत दिसेल, इंदूरला दिसेल, बेळगाव-बडोद्यालाही दिसेल. मेकॅनिकचे निदान खोटे असते असे नाही. कॉम्प्रेशन खरोखरच गेलेले असते. पण कॉम्प्रेशन गेले हे लक्षण आहे, आजार नव्हे. अंगात ताप आहे एवढे कळल्यावर कोणताही डॉक्टर लगेच शस्त्रक्रियेची तारीख देत नाही. ताप कशाचा ते तो आधी पाहतो. जुन्या मोटरसायकलच्या बाबतीत मात्र ही पायरी बऱ्याचदा गाळली जाते आणि आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते.

दाब कुठे तयार होतो, कुठून निसटतो

सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा खाली ढकलला, तर आतली हवा आवळली जाते आणि दांडा परत वर उसळू पाहतो. पंपातला चामडी वायसर वाळला असेल तर हवा बाजूने निसटते आणि दांडा आपला सहज खाली जातो. इंजिनाचे काम याच तत्त्वावर चालते. पिस्टन वर येतो, हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आवळले जाते, मग प्लगची ठिणगी पडते. मिश्रण जितके नीट आवळलेले तितका स्फोट जोरकस. दाब निसटला तर ठिणगी पडूनही इंजिन सुरू होत नाही, किंवा झाले तरी चढावर दम टाकते.

जुन्या ३५० सीसी बुलेटचा बोअर ७० मिलिमीटरचा आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटरची. म्हणजे पिस्टन एका फेरीत सुमारे ३४६ घनसेंटिमीटर जागा झाडून घेतो. वर आल्यावर मिश्रणासाठी उरते ती जागा जेमतेम ५८ घनसेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या चहाच्या कपाहून फार वेगळी नाही. आवळण्याचे प्रमाण साधारण सातास एक. एवढ्याशा जागेत कोंडलेल्या हवेला निसटायला वाटा मोजक्याच असतात. पहिली वाट दोन व्हॉल्व्हची, इनलेट आणि एक्झॉस्ट. दुसरी पिस्टनच्या रिंगा आणि बोअर यांच्यामधली. तिसरी हेड आणि बोअर यांच्या सांध्याची, म्हणजे गॅस्केटची. चौथी प्लगच्या आट्यांची. जुन्या बुलेटला पाचवी वाटही असते, ती डीकॉम्प्रेसरची. कॉम्प्रेशन गेले म्हणजे या पाचांपैकी एक किंवा अधिक दारे उघडी राहिली. त्यातले कोणते, एवढाच खरा प्रश्न आहे.

बोअर ही परतीची वाट नसलेली वाट

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कुणी विचारील. कारण साधे आहे. बोअर करणे म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणे. कापलेले बीड परत येत नाही. मोठ्या मापाचे पिस्टनही ठरावीकच मिळतात, पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरच्या पायऱ्यांनी. दोन-चार पायऱ्या संपल्या की सिलिंडरचे आयुष्य संपले, मग नवा लाइनर बसवणे किंवा दुसरा सिलिंडर शोधणे आले. दोष व्हॉल्व्हमध्ये असताना बोअर केला, तर पैसे गेले, एक पायरी गेली आणि गळती तशीच राहिली.

बुलेटच्या बाबतीत याला आणखी महत्त्व आहे. मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधल्या रेडिचची मूळ कंपनी यांनी मिळून १९५५ साली एन्फिल्ड इंडिया उभी केली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बुलेट तयार होऊ लागली. बिडाच्या सिलिंडरचे ते जुने इंजिन पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालले. २०१० च्या आसपास त्याची जागा नव्या बांधणीच्या इंजिनाने घेतली. म्हणजे आज घराघरांत जी बिडाची बुलेट आहे, ती वर्षागणिक जुनीच होत जाणार. तिच्या सिलिंडरमधला प्रत्येक पाव मिलिमीटर जपून वापरायला हवा.

दोष कॉम्प्रेशनचाच आहे ना?

पहिली खात्री याचीच करावी. प्लग काढून, कॅपमध्ये बसवून, त्याची धातूची कड इंजिनाला टेकवून ठिणगी पाहावी. हे करताना पेट्रोलचा कॉक बंद ठेवावा आणि प्लग त्याच्या उघड्या भोकापासून दूर धरावा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. ठिणगी निळी आणि टणक असेल, कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचत असेल आणि तरीही इंजिन दाद देत नसेल, तर मग कॉम्प्रेशनवर संशय घ्यावा. पॉइंट जळालेले असताना बोअर केलेल्या गाड्यांची उदाहरणे कमी नाहीत.

दुसरी फसगत क्लचची. जुन्या बुलेटची किक गिअरबॉक्समध्ये असते. किकचा जोर क्लच आणि प्रायमरी चेनमधून इंजिनापर्यंत जातो. क्लच घसरत असेल, किंवा क्लचची केबल फार ताणली असेल, तर किक खाली जाते पण इंजिन फिरतच नाही. पायाला मात्र वाटते की कॉम्प्रेशन गेले. ओळखायची खूण हेडलाइटच्या डब्यावरच असते. चावी सुरू करून किक सावकाश दाबावी आणि अँमीटरचा काटा पाहावा. पॉइंटची उघडझाप होते तसा काटा एका बाजूला जाऊन मध्यावर परत येतो. किक तळाला गेली आणि काटा हललाच नाही, तर आधी क्लचकडे वळावे.

तिसरी फसगत धुराची. निळा धूर म्हणजे रिंगा गेल्या, हे समीकरण फार ढोबळ आहे. जुन्या बुलेटमध्ये तेलाची टाकी इंजिनाच्या कवचातच असते. गाडी महिनाभर उभी राहिली की त्या टाकीतले तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते. मग सुरू करताच निळ्या धुराचे लोट येतात, ब्रीदरच्या नळीतून तेलही उडते, आणि मालकाचे काळीज हलते. पाच-दहा मिनिटांत धूर ओसरला तर घाबरण्याचे कारण नाही. धूर कायम असेल तर तो केव्हा येतो ते पाहावे. ॲक्सिलरेटर पिळताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर. लांब उतारावरून ॲक्सिलरेटर बंद ठेवून आल्यावर, पुन्हा पिळताक्षणी एकदाच भपका येत असेल तर संशय व्हॉल्व्हच्या गाइडवर. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा, आणि थंडीत सकाळी दिसणारी पांढरी वाफ तर पाण्याची असते.

पान्याला हात लावण्याआधीची दोन कामे

खरोखरच कॉम्प्रेशन कमी आहे असे दिसले, तरी हेडच्या नटांना पाना लावण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. दोन्ही फुकट होतात आणि दोन्ही घरी करता येतात.

पहिली डीकॉम्प्रेसरची. जुन्या बुलेटच्या डाव्या हँडलला एक छोटी दांडी असते. ती दाबली की हेडमधला छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि आवळलेली हवा एक्झॉस्टच्या वाटेने निघून जाते, म्हणजे पिस्टन हलकेच पुढे सरकवता येतो. ही सोय किक सुकर व्हावी म्हणून. पण केबल ताणून बसवली गेली, किंवा आत काजळीचा कण अडकला, तर तो व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. मग किक कायमच हलकी. दांडीला सुटी असताना किंचित ढिलाई आहे ना, ते बोटाने पाहावे. नसेल तर केबल सैल करावी आणि पुन्हा किक दाबून पाहावी. अंगणातल्या त्या बुलेटसारख्या कितीतरी गाड्यांचा आजार इथेच संपतो.

दुसरे काम टॅपेटचे. व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारी पुशरॉड यांच्यात नेमकी मोकळीक लागते. जुन्या बुलेटमध्ये ती जुळवण्याची जागा उजव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी असलेल्या झाकणामागे आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत सर्वांत वर आणून, पुशरॉड दोन बोटांनी फिरवून पाहावी. ती सहज फिरली पाहिजे, पण वर-खाली खडखडता कामा नये. फिरतच नसेल तर टॅपेट घट्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही आणि त्या फटीतून दाब निसटतो आहे. टॅपेटचा टकटक आवाज नको म्हणून ते आवळून टाकण्याची सवय पुष्कळांना असते. वाजणारे टॅपेट परवडते, आवळून गप्प केलेले टॅपेट व्हॉल्व्ह जाळते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता बैठकीला टेकल्यावरच उतरते. तो टेकलाच नाही तर तापत राहतो आणि कडेला जळतो.

टॅपेट जुळवले आणि थोड्याच दिवसांत पुन्हा घट्ट झाले, तर ती खूण दुर्लक्षू नये. व्हॉल्व्हची बैठक झिजून व्हॉल्व्ह आत रुतत चालल्याचे ते लक्षण असू शकते. पूर्वी पेट्रोलमधले शिसे या बैठकींना एक प्रकारचे संरक्षण देत असे. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, ते आरोग्याच्या दृष्टीने फार चांगले झाले, पण काही जुन्या इंजिनांच्या बैठकींकडे तेव्हापासून अधिक लक्ष द्यावे लागते.

गाडी वर्षानुवर्षे उभी असेल तर आणखी एक सबुरी. उभ्या गाडीत रिंगा खाचेत चिकटतात, बोअरवर गंजाचा पापुद्रा चढतो, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकतो. अशा गाडीच्या प्लगच्या भोकातून थोडे इंजिन ऑइल सोडून रात्रभर ठेवावे, सकाळी प्लगविना इंजिन हळूहळू फिरवून जास्तीचे तेल बाहेर काढावे, आणि सुरू झाली तर ती नीट गरम होईतो चालवून मगच मत बनवावे.

गेज काय सांगतो

इथवर सगळे ठीक असेल तर कॉम्प्रेशन गेज आणावा. तो फार महाग नसतो. बऱ्याच गॅरेजमध्ये असतो, पण कपाटात पडून असतो. प्लगच्या जागी तो बसवायचा आणि दाब मोजायचा.

मोजताना चुका होतात त्या दोन-तीनच. इंजिन शक्य तर गरम असावे. चावी बंद असावी. आणि ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला असावा, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तो बंद असेल तर कार्बोरेटरची दट्ट्या हवेची वाटच अडवते, सिलिंडर अर्धा उपाशी राहतो आणि चांगले इंजिनही आजारी दिसते. पाच-सहा दमदार किका माराव्यात, काटा वाढायचा थांबला की आकडा लिहून ठेवावा. काटा कसा चढला तेही पाहावे. निरोगी इंजिनात पहिल्याच किकेला काटा मोठी उडी घेतो. पहिली उडी लहान आणि मग प्रत्येक किकेला थोडा-थोडा चढत गेला तर बहुधा रिंगा, आणि लहान उडी घेऊन तिथेच रेंगाळला तर बहुधा व्हॉल्व्ह, असा अंदाज बांधता येतो.

आकडा वाचताना गावाचाही विचार करावा. समुद्रसपाटीच्या मानाने महाबळेश्वरला हवेचा दाब सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी असतो आणि साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहला तर जवळजवळ पस्तीस टक्क्यांनी. मुंबईत निरोगी असलेली बुलेट लेहला गेजवर दुबळी दिसणारच. तिथे इंजिन खोलणे म्हणजे डोंगराचा दोष पिस्टनवर ढकलणे. दोन वेगळ्या गेजचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून एकाच गेजने, एकाच रीतीने, वर्षातून एकदा मोजून वहीत नोंद ठेवावी. एकट्या आकड्यापेक्षा त्याची उतरती कमान अधिक बोलकी असते.

चमचाभर तेलाची परीक्षा

आता मुख्य प्रश्न. दाब कमी आहे हे ठरले, पण तो रिंगांतून जातो की व्हॉल्व्हमधून? याचे उत्तर चमचाभर तेल देते. प्लगच्या भोकातून एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे पाच मिलिलिटर इंजिन ऑइल आत सोडावे. गेज न लावता इंजिन चार-सहा वेळा सावकाश फिरवावे, म्हणजे तेल पिस्टनच्या कडेने पसरते. मग गेज बसवून पुन्हा पूर्वीसारखेच मोजावे.

तेल रिंगा आणि बोअर यांच्यातली फट काही वेळ बुजवते. व्हॉल्व्हच्या फटीला त्याचा उपयोग नसतो. म्हणून आकडा भरघोस वाढला तर गळती रिंगांमधून आहे, आणि फारसा हलला नाही तर ती व्हॉल्व्ह, गॅस्केट, प्लग किंवा डीकॉम्प्रेसर यांपैकी कुठेतरी आहे.

मात्र इथे एक बारकावा आहे. ५८ घनसेंटिमीटरच्या जागेत पाच मिलिलिटर तेल गेले की जागाच तेवढी लहान होते, आणि गळती तशीच असली तरी काटा आठ-दहा टक्क्यांनी वर सरकतो. तेवढ्या वाढीवरून रिंगांना दोष देऊ नये. आणि "एका चमच्याने फरक पडला नाही, चार घालून बघू" हा मोह तर मुळीच नको. तेल आवळले जात नाही. जास्त तेल भरून जोरात किक मारली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

हवा कुठे फुसफुसते

यापुढची परीक्षा कानाची. टायरमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि प्लगच्या जागी बसणारी नळी मिळाली, तर कोणतेही इंजिन स्वतःच आपला दोष सांगते. गाडी सेंटर स्टँडवर घ्यावी, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत सर्वांत वर आणावा, गिअर टॉपला टाकून मागचा ब्रेक दुसऱ्याने दाबून धरावा, कारण हवेच्या जोराने इंजिन फिरू शकते. हात चेन आणि चाकापासून दूर असावेत. मग हवा बेताने, थोडी-थोडी सोडावी आणि कान लावावा.

कार्बोरेटरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह गळतो आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, किंवा बुलेटच्या बाबतीत डीकॉम्प्रेसर. ब्रीदरच्या नळीतून किंवा तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा आणि बोअर. हेडच्या सांध्यावर आणि प्लगच्या मुळाशी साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले तर गळती तिथे. रिंगांच्या टोकांमध्ये फट असतेच, त्यामुळे ब्रीदरमधून बारीक फुसफुस चांगल्या इंजिनातही येते. व्हॉल्व्हमधून मात्र ती येता कामा नये.

या एका परीक्षेने हेड उतरवायचे की सिलिंडर, हे पाना न लावता ठरते. व्हॉल्व्हचे काम सिलिंडर न कापता होते. जळालेला व्हॉल्व्ह बदलणे, नाही तर पेस्ट लावून तो बैठकीवर घासून बसवणे, एवढ्यावर भागते. गॅस्केटचे काम त्याहूनही लहान.

राजदूत, येझ्दी आणि आरएक्स

घरी टू-स्ट्रोक गाडी असेल, म्हणजे जुनी राजदूत, म्हैसूरची येझ्दी किंवा यामाहाची आरएक्स १००, तर हिशेब थोडा बदलतो. या इंजिनांच्या हेडमध्ये बुलेटसारखे व्हॉल्व्ह नसतात, म्हणून टॅपेटचा प्रश्न नाही. संशयित उरतात रिंगा, बोअर, हेडचा सांधा आणि प्लग. टू-स्ट्रोकमध्ये काजळी फार साठते आणि रिंगा खाचेत घट्ट चिकटतात. रिंग झिजलेली नसते, तिला फक्त पसरता येत नाही. सायलेन्सर सोडवून एक्झॉस्टच्या भोकातून पाहिले, तर पिस्टन हळूहळू फिरवताना रिंगा दिसतात. बोथट लाकडी काडीने त्या हलकेच दाबाव्यात. स्प्रिंगसारख्या दबून परत आल्या तर ठीक, दगडासारख्या राहिल्या तर त्या चिकटल्या आहेत. तेव्हा पिस्टन काढून खाचा साफ करणे हा पहिला उपाय, बोअर नंतर.

टू-स्ट्रोकला दुसरेही एक कॉम्प्रेशन असते, पिस्टनच्या खालचे. मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाऊन मगच वर जाते. तिथले ऑइल सील गेले तर गेजवर आकडा चांगला दिसूनही गाडी सुरू व्हायला त्रास देते. गिअरबॉक्समधले तेल कमी होत असेल आणि सायलेन्सर नेहमीपेक्षा जास्त धुरकट असेल, तर क्लचच्या बाजूचे सील पाहावे.

सिलिंडर उतरलाच तर

सगळ्या परीक्षा रिंगांकडेच बोट दाखवत असतील तर सिलिंडर उतरवणे भाग आहे. तरीही बोअर करायचा की फक्त रिंगा बदलायच्या, हे मोजून ठरवावे. त्यासाठी सिलिंडरमध्ये एक रिंग घालावी आणि पिस्टनच्या डोक्याने ती सरळ ढकलावी. तळाशी, जिथे रिंगा कधी पोहोचत नाहीत तिथे, तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजावी. मग हीच रिंग वरच्या भागात, जिथे झीज सर्वाधिक असते तिथे, नेऊन पुन्हा मोजावी. दोन फटींमधल्या फरकाला ३.१४ ने भागले की बोअरची झीज मिळते. समजा तळाशी फट ०.३० मिलिमीटर आणि वर ०.६२ भरली. फरक ०.३२, म्हणजे झीज सुमारे ०.१० मिलिमीटर. हा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावा. शाळेतले परिघाचे गणित असे गॅरेजमध्ये उपयोगी पडते. झीज मर्यादेत असेल आणि बोअरवर खोल ओरखडे नसतील, तर नव्या रिंगांवर काम भागू शकते.

हेड उतरलेलेच असेल तर व्हॉल्व्हचीही परीक्षा उरकून घ्यावी. प्लग बसवलेला ठेवून इनलेट आणि एक्झॉस्टच्या वाटेत थोडे रॉकेल ओतावे आणि आतल्या बाजूने पाहावे. रॉकेल पाझरले तर व्हॉल्व्ह बैठकीवर नीट बसत नाही. जवळपास विडी-सिगारेट नको, हे वेगळे सांगायला नको.

मेकॅनिकशी बोलताना

चांगला मेकॅनिक अशा चौकशीने रागावत नाही. त्याचा अनुभव मोठा असतो आणि त्याचा पहिला अंदाज अनेकदा बरोबरही निघतो. पण अंदाज आणि निदान यांत फरक आहे. "बोअर करायचा तर करू, पण आधी तेल घालून आणि न घालता गेजचे दोन आकडे तेवढे लिहून द्या," एवढे नम्रपणे म्हणायला हरकत नाही. त्यासाठी लागणारा अर्धा तास, मजुरी देऊन का होईना, घेतलेला बरा. काम झाल्यावर काढलेले भाग परत मागून घ्यावेत आणि नवा पिस्टन कोणत्या मापाचा बसवला ते गाडीच्या कागदांत लिहून ठेवावे. पुढच्या खेपेला किती पायऱ्या उरल्या हे त्यावरूनच कळते.

अंगणातल्या बुलेटपाशी आता अण्णा स्वतः येऊन बसले आहेत. डाव्या हँडलवरची छोटी दांडी ते बोटाने हलवून पाहतात. तिला जराही ढिलाई नाही. मागच्या महिन्यात केबल नवी टाकली होती, ती ताणूनच बसवलेली. मेकॅनिक पान्याचे दोन आटे फिरवतो आणि स्वतःशीच हसतो. मुलगा किक दाबतो. या वेळी ती अर्ध्यावर थांबते, पायाला परत ढकलू पाहते.

"आता जड लागतेय, अण्णा."

"लागू दे," अण्णा म्हणतात, "तीच तिची तब्येत."